उपटलेली करटुली

माझं नाव चांगुना. माहेर कर्जतच्या वर, डोंगराच्या पायथ्याला, आनि सासर हे, खालापूरच्या अंगाला, हेच घर, ज्याच्या पडवीत तुमी आता वही घेऊन बसलाय बाई. आमी दोघी बहिनी, मी थोरली आनि शेवंती माझ्याहून आठ वर्सांनी धाकटी, आई लवकर गेली म्हनून तिला मीच कडेवर घेऊन वाढवली, ती मला बाय बोलते, अजून तेच बोलते. बाप भातशेती करायचा आनि पावसाळ्यात डोंगरातून रानभाजी आनायचा, त्यात करटुली मला सगळ्यात आवडायची, ते लिंबाएवढं हिरवं काटेरी फळ, कांद्यात परतलं का ताट पुसून खावं. काय सांगू तुम्हाला, जीभ अजून तशीच हाय, दात तेवढे गेले.

मी लग्न होऊन आले तवा साजगावच्या बाजूला कारखाने नुकते उभे राहत व्हते आनि आमचे हे त्यातल्या एकात लागले, पाळीचं काम, सायकलीवरनं जायचं यायचं. मानूस गरीब, म्हशीला पन अहोजाहो करील असा. सासू तशी नव्हती. सासू वाईट व्हती असं मी बोलनार नाय, मेलेल्या मानसाला कशाला बोलायचं, पन चांगली व्हती असं पन माझ्या तोंडातनं निघनार नाय.

आमच्या घरची रीत अशी, राब भाजून झाला, म्हनजे रोपाच्या जागेवर पालापाचोळा जाळून झाला, का भाताच्या बियाची पयली मूठ घरच्या सुनेनं टाकायची. पयली दोन वर्सं मी टाकली. तिसऱ्या वर्साला मी पदर खोचून टोपलीजवळ गेले तर सासूनं टोपली उचलून काखेत मारली, बोलली, र्‍हाऊ दे गं, तुज्या हातचं बी नको, शेत पन तुज्यासारखं व्हायचं. गडीमानसं उभी व्हती, त्यांच्यादेखत. म्हनजे बघा, चिखलात उतरायला मी चालायची, कंबर मोडेस्तोवर लावनीला चालायची, भारे वाहायला चालायची, फक्त बियाला चालायची नाय. तवा माझा संताप झाला. मी मनात बोलले, थांब म्हातारे, माझा हात कसा हाय तुला दाखवते.

माहेरी गेले तवा डोंगरातनं करटुलीचे पाच कंद खनून आनले, ओच्यात बांधून, आनि गोठ्याच्या मागं कुडाला लागून लावले. करटुलीचं बी कोन लावत नाय, तिचा कंद जमिनीत र्‍हातो, उन्हाळाभर झोपतो आनि पावसाला आपला वर येतो. पाचीच्या पाची आले. मग काय, माझं सगळं ध्यान तिकडं. तांबडे भुंगे यायचे, पानाची चाळन करायचे, तर पहाटे दव असताना मी चुलीची राख चाळून पानांवर उडवायची, अशी, चिमटीनं, म्हनजे राख चिकटून र्‍हाते. फळमाशी त्याच्याहून वाईट, कवळ्या फळात टोचून जाते, वरनं दिसत नाय, मग फळ एका अंगानं पिवळं पडतं आनि आत अळ्या वळवळतात. तसली फळं मी रोज तोडून चुलीत घालायची, खाली एक पडू द्यायची नाय. शेजारनी हसायच्या, बोलायच्या चांगुना करटुलीचं बाळंतपन करते. हसा बोलले.

चार वेली अशा धरल्या, श्रावनात सासूनं दुसऱ्यांदा भाजी मागून घेतली. तोंडानं वाखानली नाय, पन ताट पुढं केलं ना? माझं पोट तिथंच भरलं. पाचवी वेल मात्र नुसती फुलायची. सगळ्यांत जास्त फुलं तिला, पिवळीधम्मक, दिवेलागनीला उमलायची, आनि सकाळी गळायची. फळ एक नाय. दुसऱ्या वर्सी पन तसंच. सासू येता जाता बोलायची, ही वांझोटी कशाला ठेवलीस, जागा खाते, आनि बोलताना वेलीकडं बघायची नाय, माझ्याकडं बघायची.

आता आयका, ही उपटली कोनी? सासूनं नाय. मीच. कुदळ घेतली, कंद खनून काढला, चांगला रताळ्याएवढा झालेला, आनि उकिरड्यावर भिरकावला, सासू बघत असताना. मला वाटलं, एक वांझ गेली वाडीतनं, बरं झालं. माझ्यासारखीलाच मी काढून टाकलं आनि वर हात झटकले. कोनाला सांगायची सोय हाय का?

पुढल्या पावसाला चारी वेली वर चढल्या, पाल्यानं कूड झाकून गेला, फुलं आली, फुलाखाली बारीक काटेरी गाठ धरलेली दिसायची, आनि तिसऱ्या दिवशी ती गाठ पिवळी पडून खाली. सगळ्याच. मी राख टाकली, शेन टाकलं, ताक ओतलं, नजर काढली, शेवटी वेलींना शिव्या दिल्या. एक फळ धरंना. सासूनं गळलेल्या गाठींची मूठ भरली आनि पडवीत ह्यांच्यापुढं टाकली, बोलली, बघ रं, धरतं आनि गळतं, हात कोनाचा हाय ते बघ. आनि त्याच बसलेल्या जागेवर बोलली, हिची धाकटी लग्नाची झालीय, ती करून घेऊ, बहिनी बहिनी हायत, भांडनार नायत. बापाकडं निरोप गेला. बाप बिचारा, दोघी एका घरात सुखानं नांदतील म्हनून हो बोलला. कायद्यात बसत नाय म्हनून कोनीतरी बोललं, पन गावात देवळापुढं दोन हार घातले का झालं, कायदा कोन विचारतो? तुळशीचं लग्न झालं का आनायची ठरली. मला कोनी विचारलंच नाय.

त्याच श्रावनात मोळी विकायला सोमी ठाकरीन आली. ती दर आठवड्याला यायची, डोंगरातली, रानातलं पान न् पान वळखनारी. तिला मी वेली दाखवल्या. तिनं एक फूल उलटं केलं, दुसरं केलं, आनि हसायलाच लागली, बोलली, अगं बाय, ह्या सगळ्या माद्या, नर कुठं हाय? मी बोलले कसला नर? ती बोलली, करटुलीत नराची वेल येगळी, मादीची येगळी, नराच्या फुलाखाली गाठ नसते, तो नुसता फुलतो, पन तो नसला तर ह्या धरायच्या कशा? मी उकिरड्याकडं बघितलं, नर तर मीच उपटला व्हता. आठ दिवसांनी तिनं पानाच्या पुडीत नराच्या कळ्या आनल्या, दिवेलागनीला उमलल्या का पाकळ्या मागं सारून मादीच्या फुलाच्या तोंडावर कसं फिरवायचं ते दाखवून गेली, हलक्या हातानं, काजळ घालतात तसं. बारा फुलांना मी लावलं. अकरा गाठी राहिल्या. हिरव्या, टनक.

मग माझ्या डोक्यात जे आलं ते तुमच्या आलं असंल. हे पाळीवरनं आले, मी त्यांना वाडीत नेलं, फळं दाखवली, सोमी काय बोलली ते सगळं सांगितलं, आनि भीत भीत बोलले, अवो, दोष बाईचाच असतो असं कुठं हाय, तुमी एकदा डॉक्टरला दाखवा, मग शेवंतीचं बघू. ह्यांनी एक फळ बोटानं चाचपलं. मग बोलले, दाखवलंय. दोन वर्सामागं मुंबईला जाऊन दाखवलंय. दोष माझ्यातच हाय. असं बोलले आनि माझ्यापुढं हात जोडले, बोलले चांगुना, आईला कळलं तर मी जीव देईन, कारखान्यात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाय, तू बोलू नको.

नवऱ्यानं हात जोडले तर बाईनं काय करायचं? बोलले तर हे जातात, नाय बोलले तर शेवंती जाते. इकडं आड तिकडं विहीर. मी गप बसले. गावाला हेच ठाऊक हाय, का चांगुनानं सवत गुमान पदरात घेतली, केवढी सोशिक.

पन बाई, खरं ते सांगते, आजवर कोनाला सांगितलं नाय. मी नुसत्या नवऱ्यासाठी गप नाय बसले. माझ्या मनात आलं, येऊ दे तिला. तिला पन नाय झालं का सगळ्यांना कळंल दोष माझा नव्हता. जिला मी कडेवर घेऊन फिरवलं तिला मी साक्षीला आनली. देवळापुढं हार घालताना ती माझ्याकडं बघून हसली, तिला वाटलं बाय हाय, मग काय भ्यायचं.

आनि झालं काय? तिला पन नाय झालं, आनि सासू गावभर बोलली, त्या घरचे कंदच किडके. म्हनजे माझं तर धुतलं गेलं नायच, तिला पन लागलं. दोघींच्या हातातनं बियाची टोपली गेली. शेवंतीनं उपास केले, नवस केले, अनवानी डोंगर चढली, आनि मी तिच्या पायातले काटे काढायची आनि गप र्‍हायची. जानार कुठं? एकाच घरात, एकाच चुलीवर. माझं एक व्हतं, मला खरं ठाऊक व्हतं. तिला ते पन नव्हतं.

सासू गेली. हे जाऊन तीन वर्सं झाली, शेवटपर्यंत दोघींशी चांगले वागले, कधी आवाज चढवला नाय. ते बंधन सुटलं म्हना. पन माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं ते लागलेलंच. रोज सकाळी वाटतं आज बोलू, आनि ती चहा पुढं करते, बाय घे गं बोलते, का मग माझं रहातंच.

परवा तुमची लेक रांगत रांगत तिच्याकडं गेली. तुमी पाठमोऱ्या व्हत्या, मी बघितलं. शेवंतीनं हात पुढं केला, आनि मग पदर आवरून भिंतीला जाऊन बसली. माझा हात नको लागायला असं पुटपुटली. पंचेचाळिशी उलटली तिची, बाई, आनि अजून तिला वाटतं तिच्या हाताला काय हाय.

म्हनून तुम्हाला बोलावलं. मला लिवता येत नाय, आनि तिच्या तोंडावर बोलता येत नाय. लिवलंत ना सगळं? गाळू नका, माझं ते मनातलं पन असू दे. आता तिला हाक मारते, इथं बसवते, तुमी तिला वाचून दाखवा, सावकाश, आनि वाचून झालं का तुमची लेक तिच्या मांडीवर द्या. देव तुमचं भलं करो. ती मला काय बोलंल ते बोलू दे, मी उठून जानार नाय, इथंच बसते. शेवंते, ये गं भायेर.