आबांनी डॉक्टरांना पाहुण्यासारखं उत्तर दिलं

बसा. सगळे बसा. मला बोलायला वेळ लागेल.

मी कमल. हिरालाल आबांची बायको. तुम्ही सगळे ओळखता, पण आज बाहेरगावची माणसंही आली आहेत, म्हणून सांगते. एवढ्या उन्हात तुम्ही आलात. मंडपाखाली जागा पुरली नाही, तरी मागे लिंबाखाली उभे राहिलात. तुमचे उपकार कसे फेडायचे, मला कळत नाही. मला सध्या बरंच काही कळत नाही. बायका म्हणतात, "रड वं माय, मोकळी व्हय." मला रडू येत नाही. जेवायला वाढलं की जेवते. झोप म्हटलं की आडवी होते. कोणी आबांचं नाव काढलं की ऐकते, जसं शेजारच्या घरातलं ऐकावं तसं.

सरपंचांनी आबांबद्दल चांगले शब्द काढले. गुरुजींनीही काढले. सगळं खरं आहे. पंचक्रोशीत कोणाचंही लग्न असो, तेरावं असो, चुलाणाजवळ आबा हवेतच. वरण आबांनी चाखल्याशिवाय खाली उतरायचं नाही. बट्टी तळायला किती वेळ, वांग्याच्या भाजीत तिखट किती, हे आबा सांगायचे आणि आचारी ऐकायचे. एक पैसा घेतला नाही कधी. नारळ आणि टॉवेल, बस्स. आणि दमा. दमा त्यांना त्या चुलाणानंच दिला असं मी म्हणायची. ते म्हणायचे, मन्हा बापलेबी व्हता. असेल.

पण मी चांगले शब्द काढायला उभी राहिले नाही. माईक मला देऊ नका, असं काही जण म्हणत होते. वाईट वाटून घेऊ नका, मी ऐकलं. तरी भास्करभाऊंनी, माझ्या दिरांनी, तो माझ्या हातात दिला. कारण मला काय सांगायचंय ते त्यांना माहीत आहे. काल रात्रीच त्यांना विचारून घेतलंय.

भाऊबंदांनो, उद्या तुम्ही विसरवाडीच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार द्यायला निघणार आहात. चुकीचं इंजेक्शन दिलं, माणूस मारला, असं तुमचं म्हणणं. काही पोरं आधीच जाऊन आली. दवाखान्याची पाटी तोडून आली. तेव्हापासून दवाखान्याला कुलूप आहे. तुमचं प्रेम आहे आबांवर. मला कळतं ते. पण तुम्हाला त्या दिवसाचं अर्धंच माहीत आहे. उरलेलं अर्धं मी सांगते. मग ठरवा.

आधी आबांची एक सवय सांगते. तुम्ही सगळ्यांनी ती पाहिली आहे, तिच्यावर हसलाही आहात.

आबा कोणाच्या घरी गेले आणि घरातल्या बाईनं विचारलं, "जेवनात का आबा?" तर आबा काय म्हणायचे? "नही ना बाई. तुन्हा घरच जेवसू." पोट भरलेलं असलं तरी. आत्ताच वरच्या आळीत दोन भाकरी खाऊन उठलेले असले तरी. एकदा माझ्या माहेरी गेलो होतो. मोठ्या भावाकडे जेवले, मधल्याकडे जेवले, धाकट्याच्या दारात गेलो तर त्याच्या बायकोनं ताट मांडलेलं. आबा बसले. आमरसाच्या दोन वाट्या प्यायले. घरी आल्यावर पोट धरून खाटेवर पडले. मी म्हटलं, खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तर म्हणाले, "तिले वाईट वाटी." मी हसले होते. तुम्हीही आत्ता हसलात, मला दिसलं. हसा. ते होतेच तसे.

एका घरी दुसऱ्या घरच्या जेवणाचं नाव काढायचं नाही. हा त्यांचा नियम. तुमचाही आहे. माझाही आहे. आपण सगळे याच शिस्तीत वाढलो. पाहुणचार करणाऱ्याचा मान ठेवायचा.

तर त्या दिवशी लग्न होतं विसरवाडीच्या पुढे, माझ्या आतेबहिणीच्या मुलीचं. चुलाण आबांकडे. सकाळीच छातीत घरघर होती. रात्री दम्याची गोळी घेतली होती त्यांनी, रोज घ्यायचे. पंपही होता. कपाटात, डबीसकट. पंप म्हणजे शेवटचं, एकदा धरला की सुटत नाही, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. कोणी सांगितलं ते मला विचारू नका. तुम्हीच सगळ्यांनी सांगितलं होतं.

जाताना धानोऱ्याला थांबलो, भास्करभाऊही बरोबर होते. तिथल्या डॉक्टरांकडे आबांनी सुई घेतली. लग्न असलं, कार्य असलं की ते आधी सुई घेऊन निघायचे, दिवसभराची तजवीज म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, कुठे निघालात? आबा म्हणाले, कुठेच नाही, शेतात जाऊन येतो. डॉक्टर म्हणाले, "शेतातही नको. घरी आराम करा आणि धुराजवळ जाऊ नका. दम वाढला तर दुसरी सुई शोधत बसू नका, नंदुरबारला मोठ्या दवाखान्यात जा." मी बाकावर बसून ऐकत होते. आबा हो हो म्हणाले. गाडीत बसल्यावर मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाले, "सुई लिधी ना. आते दिनभर काही व्हत नही. तू बोलू नको."

लग्नघरी पोचलो. मी बायकांत गेले. आबा चुलाणाकडे. लाकडं ओली होती म्हणतात. धूर खूप झाला. दुपारी पंगती बसायच्या आत आबांना श्वास पुरेना. भास्करभाऊंनी त्यांना मोटरसायकलवर बसवलं आणि विसरवाडीला नेलं. मला नंतर कळलं. मी तेव्हा हळदीच्या ताटापाशी होते.

आता पुढचं भास्करभाऊंनी मला सांगितलं, आणि डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

डॉक्टरांनी छाती तपासली. नाडी पाहिली. आणि विचारलं, "बाबा, आज सकाळपासून काही घेतलंय का? इंजेक्शन, गोळी?"

आबा म्हणाले, "नाही साहेब. काहीच नाही."

डॉक्टरांनी परत विचारलं. नाडी जोरात चाललीय, नीट आठवा, दुसरीकडे कुठे जाऊन आलात का?

आबांना बोलायला धाप लागत होती. तरी हात जोडले आणि म्हणाले, "नाही साहेब. सरळ तुमच्याकडेच आलो."

ऐकलंत ना? सरळ तुमच्याकडेच आलो. जेवायचं ताट समोर असल्यासारखं.

भास्करभाऊ शेजारी उभे होते. मोठा भाऊ बोलतोय. त्याच्या तोंडावर त्याला खोटं कसं पाडायचं? धाकटे म्हणून ते गप्प राहिले. भास्करभाऊ, मान वर करा. तुम्हाला मी दोष देत नाही. या मंडपातला कोणता धाकटा भाऊ बोलला असता, सांगा.

डॉक्टरांनी सुई दिली. हळूहळू दिली, घाई केली नाही. आबांना थोडं बरं वाटलं. मग उलटी झाली. मग हात कापायला लागले. आबा म्हणाले, "छाती धडधड करी ऱ्हायनी." तेव्हा भास्करभाऊंच्या तोंडून निघालं, सकाळी धानोऱ्याला घेतली होती, रात्री गोळीही घेतली होती. डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. बाहेर जाऊन गाडी थांबवली, आबांना आत घातलं, आणि बाकीचे पेशंट तसेच सोडून स्वतः शेजारी बसले. सगळा रस्ता आबांचं मनगट धरून होते. हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं का? नाही ना.

मोठ्या दवाखान्यात आबा गेले. मी पोचले तेव्हा चादर तोंडावर होती.

तिथे एक डॉक्टरीणबाई होत्या. आपल्या मुलींच्या वयाच्या. त्यांनी मला बाकावर बसवून सगळं सांगितलं. त्या औषधाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. त्या म्हणाल्या, मावशी, ते औषध वाईट नाही. आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतं, माणूस वाचतो त्यानं. पण ते हृदयालाही पळवतं. म्हणून किती द्यायचं ते मोजून असतं. आणि रोजच्या गोळीतही तेच होतं. गोळीचं अंगात होतं, सकाळचं अंगात होतं, त्यावर दुपारचं गेलं. त्यात दमलेलं हृदय, त्यात धूर. मी विचारलं, मग विसरवाडीच्या डॉक्टरांचं चुकलं का? त्या म्हणाल्या, आधीची सुई माहीत असती तर त्यांनी दिलीच नसती. मशीननं औषधाची वाफ दिली असती, ऑक्सिजन लावला असता आणि आमच्याकडे पाठवलं असतं. "त्यांनी विचारलं होतं ना?" मी म्हटलं, विचारलं होतं. दोनदा.

 

आणखी एक म्हणाल्या, तेही सांगून टाकते, नाही तर विसरेन. सुई ही अडल्या वेळेची. रोजचा आधार पंपाचा. पंपानं औषध थोडं जातं आणि थेट फुप्फुसात जातं, त्याची सवय लागते हे खोटं. कुठल्या कार्याला निघताना आधीच टोचून घ्यायची ती सुई नाही. ज्याला हृदयाचा त्रास आहे, बीपी आहे, साखर आहे, त्यानं तर सुई घेण्याआधी ते सांगायचंच. आणि एक सुई घेऊन दम बसला नाही, तर दुसऱ्या दारात दुसरी मागायची नाही. जिथे ऑक्सिजन आहे, जिथे चोवीस तास लक्ष ठेवणारं माणूस आहे, तिथे जायचं. आणि जाऊन सगळं सांगायचं.

मी हे तुम्हाला शिकवत नाहीये. मी बारावी शिकलेली बाई. ऐकलं तसं सांगतेय. ज्यांच्या घरी दमा आहे त्यांनी लक्षात ठेवावं. आणि तो कोणाच्या घरी नाही? कापसाच्या धुळीत आपण सगळेच उभे असतो.

तर भाऊबंदांनो, तक्रार माझ्या घरातून जाणार नाही. माझ्या नावानं जाणार नाही, आबांच्या नावानंही जाणार नाही. आबांना कोणी मारलं नाही. आबांनी डॉक्टरांचा मान ठेवला. त्यांना वाटलं, दुसऱ्याकडे जाऊन आलो म्हटलं तर यांना वाईट वाटेल. एवढंच झालं. एवढ्यानं माणूस जातो हे मलाही अजून पटत नाही. रोज सकाळी उठून मला ते नव्यानं कळतं.

ज्या पोरांनी पाटी तोडली, त्यांची नावं मी घेणार नाही. मला माहीत आहेत. तुम्ही उद्या जा, विसरवाडीला जा, पण ती पाटी परत लावायला जा. डॉक्टरांच्या घरी जाऊन त्यांना सांगा, कमलबाईंनी पाठवलं. त्या कुलपापुढे रोज माणसं येऊन परत जातात. त्यात कोणाला तरी खरोखर दम लागलेला असेल.

कोणी म्हणेल, नवरा गेला आणि ही बाई डॉक्टरची बाजू घेते. म्हणा. मी आबांचीच बाजू घेतेय. त्यांच्या नावावर कोणाची रोजीरोटी बंद झालेली त्यांना चालली नसती. ते तर आमरस पिऊन पोट धरणारे.

आता शेवटचं. मग तुम्हाला सोडते.

त्या दिवशी, चादर पाहिल्यावर, ते सगळं ऐकल्यावर, मला भोवळ आली. मला एका खोलीत निजवलं. एक सिस्टर आली, हाताला पट्टा बांधला, आणि विचारलं, "मावशी, बीपीची गोळी घेता का?"

मी म्हटलं, "नाही."

मी रोज घेते. दोन वर्षं झाली. पण मी नाही म्हटलं. का म्हटलं? तिकडे नवरा तसा पडलेला. त्याला काय झालं ते आत्ताच ऐकून आलेले. तरी जिभेवर 'नाही'च आलं. आपल्याला कोणी काही विचारलं की आपण नाहीच म्हणतो. काही दुखतंय का, नाही. काही हवं का, नाही. काही घेतलं का, नाही.

सिस्टर लिहून निघून गेली. मी छताकडे पाहत पडले होते. मग मी उठले. पायात चप्पल नव्हती. त्या लांब बोळातून भिंतीला धरत तिच्या मागे गेले आणि तिला थांबवलं. म्हटलं, "घेते. रोज घेते. आज सकाळीही घेतली."

आबांच्या माघारी मी स्वतःबद्दल बोललेलं पहिलं खरं वाक्य ते आहे. ते त्यांच्यापर्यंत पोचलं की नाही, मला माहीत नाही.

उठा आता. आबांसाठी थोडा वेळ गप्प उभं राहू. किती वेळ ते मी सांगत नाही. मी जोडलेले हात सोडले की बसा.

आबा, तुमच्या कमलचा नमस्कार घ्या.