विसूअप्पांचे अमेरिकन रियाल

मंडळी, बसा. मागे उभे आहात त्यांनीही बसा, पुढं चटई मोकळी आहे.

मला चारचौघांत बोलायची सवय नाही. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तेवढंच. त्यात समोर अप्पांचा फोटो, शेजारी त्यांच्या घरच्या, आपल्या काकू बसलेल्या. तरी उठले. माझ्याआधी पाच जण बोलले आणि पाचही जण म्हणाले, विसूअप्पा देवमाणूस होते. देवमाणूस कसले? जकात नाक्यावरचे कारकून होते, पेन्शनीत निघालेले. हट्टी होते. आमच्या दुकानात रोज चहा प्यायचे आणि चहा पातळ आहे म्हणून रोज सांगायचे. जुनं चांदीचं नाणं दिसलं की समोरचा माणूस त्यांना दिसेनासा व्हायचा. असे होते. तसेच सांगावेत.

आता मुद्द्याचं. वसंतानं, त्यांच्या पुतण्यानं, आत्ता सगळ्यांसमोर सांगितलं की अप्पांची चौदा नाणी आटवून रामाच्या देवळात अभिषेकपात्र करायचं आणि त्यावर अप्पांचं नाव घालायचं. तुम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. ती नाणी सकाळपासून माझ्याकडं आहेत. सोनाराचं दुकान आमचं. नवरा गेल्यापासून मी आणि दीर चालवतो. मुशीत चांदी वितळवायचं काम त्याचं, दागिन्यांना उजाळा द्यायचं माझं. आज दिराला म्हटलं, भट्टी पेटवू नको. आधी वाचनालयातल्या शोकसभेत बोलून येते.

काय आटवायला निघालात ते तरी ऐका.

तुम्ही त्यांना रियाल म्हणता. आपल्याकडं तांडेलांच्या घरात परमुलखातलं मोठं, जाड चांदीचं नाणं निघालं की तो रियाल. कुणाचा आजा, कुणाचा पणजा गलबतावर मस्कतला गेला, झांजीबारला गेला, येताना घेऊन आला. बायकांनी माळेत ओवला. अडचण आली की आमच्याकडं आणून मोडला. माझ्या सासऱ्यांनी असे किती आटवले, देवाला ठाऊक. कुठला देश, कुठलं साल, कोण बघतो? तराजूत टाकायचं, कस लावायचा, मुशीत सोडायचं.

एके दिवशी हिरूबाई सासूची माळ घेऊन आली. हिरू, तिकडं तोंड लपवू नको, तुझंच सांगते. मी तराजू उचलला आणि अप्पा मध्ये घुसले. "थांब गोदे, आधी मला बघू दे."

हिरू म्हणाली, "बघा, पर हात नका लावू. तुमी हात लावला का जकात बसतं."

अप्पांनी भिंग काढलं. मग म्हणाले, "ही अमेरिकेची बाई आहे."

मी विचारलं, "राणी का त्यांची?"

"त्यांना राजा नाही न् राणी नाही. ही स्वतंत्रता."

"कुणाची बायको?"

"कुणाची नाही."

हिरू नाण्यावरच्या बाईचे मोकळे केस बघून म्हणाली, "तरीच क्यास मोकलं सोरल्यान."

अप्पा हसले नाहीत. नाण्याच्या बाबतीत ते कधी हसत नसत.

त्या दिवसापासून मला शिकवणं सुरू झालं. मी सांगितलं, मला दुसरीपर्यंतचं येतं, माझा वेळ खाऊ नका. ऐकतात थोडेच? बाईच्या भोवती चांदण्या मोजायला लावायचे. सगळ्यांत जुन्या नाण्यावर पंधरा. एकेका प्रांताची एक चांदणी. नवीन प्रांत सामील झाला की चांदणी वाढवायची असं अमेरिकेनं आधी ठरवलं. एकदा सोळा केल्या. मग जागा पुरेना, म्हणून मुकाट मूळच्या तेरा प्रांतांवर आले. मी म्हटलं, सून आली की घर वाढवणाऱ्यांचं असंच होतं. मागच्या बाजूला गरुड. पहिल्यावहिल्या नाण्यांवर तो इतका किडकिडीत की मला भिजलेला कावळा वाटला. पुढं त्यालाच छातीवर ढाल दिली, एका पायात बाण दिले, एका पायात फांदी, तेव्हा कुठं तो सरकारी दिसायला लागला. आणि किंमत? ती दोन्ही तोंडांवर नाही. नाणं उभं धरून फिरवायचं, काठावर अक्षरं कोरलेली असतात, तिथं किंमत. म्हणून माळेसाठी काठाला डाग देऊन कडी बसवली की नाणी जमवणारे नाक मुरडतात. अप्पांच्या चौदांपैकी नवांना कड्या आहेत. त्यांनी ती नऊही घेतली. वजनाच्या चांदीचे पुरे पैसे मोजून घेतली. कुणाला फसवलं नाही.

एक गोष्ट मात्र मी त्यांना शिकवली. कोर्लईकडून एक नाणं आलं. बाईच्या गालावरून केसांपर्यंत आडव्या रेघा. अप्पा म्हणाले, "कुणीतरी ओरबाडलंय, नको." मी उजेडात धरलं. कानशीच्या रेघा मला कळणार नाहीत तर कुणाला? रेघ खाली होती आणि केस तिच्यावरून गेले होते. मी म्हटलं, "अप्पा, आधी कानस लागली, मग ठसा पडला. टांकसाळीत चकती वजनाला जड झाली असेल, म्हणून घासून कमी केली आणि मग छापली. आम्हीही तेच करतो." ते माझ्याकडं असे बघत राहिले, जणू मी संस्कृत बोलले. मग मुंबईच्या कुणा जाणकाराला पत्र घातलं. उत्तर आलं, बाई म्हणते ते बरोबर. त्यानंतर अप्पा नवीन नाणं आधी मला दाखवायचे आणि मग काकूंना. काकू, खरं की नाही?

इथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण तुम्हाला पुढचं माहीत नाही. मला आहे.

अप्पांकडं सगळ्यांत चांगलं नाणं सतराशे पंचाण्णवचं. मोकळ्या केसांची बाई, पंधरा चांदण्या, कडी नाही, भोक नाही. कुठल्याशा गाडग्यात पडून काळंभोर झालेलं. मुंबईचे एक गृहस्थ ते घ्यायला यायचे होते. चांगली किंमत देणार होते. अप्पांनी ठरवलं होतं, त्या एका नाण्याच्या पैशात या वाचनालयाला काचेचं कपाट करायचं आणि बाकीची तेरा त्यात मांडायची, गावानं बघावीत म्हणून. माघात ते चार दिवस पालीला बल्लाळेश्वराला गेले. जाताना ते नाणं माझ्याकडं ठेवलं. म्हणाले, "बारीक काट्यावर नीट वजन करून ठेव."

मी वजन केलं. सव्वादोन तोळ्यांच्या थोडं वर. आणि मग उजाळा दिला.

मंडळी, आमच्या घरात आलेली चांदी काळी परत जात नाही. सासूनं लग्नानंतर पहिल्या आठवड्यात शिकवलं ते हे. गिऱ्हाइकानं मागो न मागो, पैसे देवो न देवो. रिठ्याचं पाणी, मग चिंच, मग बारीक राख. मी दुपारभर घासलं. असं लखलखलं की दीरसुद्धा म्हणाला, वा.

अप्पा परत आले. मी नाणं त्यांच्या हातावर ठेवलं. ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि पाणी मागितलं.

"कशानं घासलंस?"

"चिंचेनं. पैसे नकोत."

"गोदे, तो काळेपणा म्हणजे त्याची कातडी होती गं. सव्वाशे वर्षं लागली धरायला."

मला राग आला. चुकलेल्या माणसाला येतो तसा. मी म्हटलं, "चांदी काळी ठेवायची ही कुठली रीत?" ते म्हणाले, "तुमची रीत तुमच्या जागी बरोबर आहे. पण केसांच्या बारीक रेघा बघ. होत्या. आता नाहीत."

आठ दिवसांनी मुंबईचे गृहस्थ आले. अप्पांच्या ओटीवर बसले. मी डबा परत द्यायला गेले होते, दारातच उभी. त्यांनी नाणं बघितलं आणि दोन बोटांनी परत सरकवलं. म्हणाले, "हे धुतलंय कुणी?"

अप्पा म्हणाले, "मीच धुतलं. हौस."

त्या गृहस्थांनी जे हसून घेतलं ते मी ऐकलं. इतकी वर्षं नाणी जमवणारा माणूस, आणि अडाण्यासारखं चिंचेनं घासतो! अप्पांनी ऐकून घेतलं. कपाट झालं नाही. गावातही तेच पसरलं, विसूअप्पांनी स्वतःच्या हातानं नाणं घालवलं. तुम्ही चेष्टा केलीत. मीही दुकानात बसून ऐकली आणि गप्प राहिले. अप्पा दुसऱ्या दिवशी चहाला आले, चहा पातळ आहे म्हणाले, आणि तो विषय त्यांनी मरेपर्यंत काढला नाही. मीही काढला नाही. मी काढायला हवा होता.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. ते नाणं अप्पांनी धुतलं नाही. मी धुतलं.

काय म्हणालास वसंता? मोठ्यानं बोल, लोकांना ऐकू दे. देवाचं काम आहे? आहेच. पण नाण्यांची पुरचुंडी तू उघडून बघितलीस का? एकेका नाण्याला अप्पांनी चिठ्ठी गुंडाळली आहे. मोठ्या अक्षरात, मलाही वाचता येईल अशी. साल काय, चांदण्या किती, आणि कुणाच्या घरातून आलं. "हिरूबाईच्या आजेसासऱ्यानं झांजीबारहून आणलं." "पांडू तांडेलाच्या घरच्या माळेतलं." चौदा घरं आहेत ती. त्यातली निम्मी आत्ता इथं वाचनालयाच्या ओटीवर बसली आहेत. मुशीत घातलं की खाली फक्त चांदी राहते, तीही आपल्या रुपयाहून जरा हिणकस. मी एका नाण्याची कातडी काढली आणि अजून मला झोंबतंय. तुम्ही चौदांचं तोंडच पुसायला निघालात.

अभिषेकपात्र होईल. वजन एक गुंजभर कमी भरणार नाही. चांदी माझी. माझे तोडे आहेत, कमरपट्टा आहे, नवरा गेल्यापासून पेटीत पडून आहेत. ते आटवायला मला कुणाला विचारावं लागत नाही. नाव अप्पांचंच घाला, माझं कुठंही नको. आणि अध्यक्षसाहेब, वाचनालयाच्या त्या कुलपाच्या कपाटात जुन्या वर्तमानपत्रांना वाळवी लागली आहे. एक कप्पा रिकामा करा. काच नसली तरी चालेल. नाणी तिथं राहतील, चिठ्ठ्यांसकट. ही पुरचुंडी मी तुमच्यापुढं ठेवते.

काकू, तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा. ... बरं. काकूंनी मानेनं हो म्हटलं. सगळ्यांनी बघितलं.

आता कुणाला हरकत असेल तर आत्ता बोला. उद्या दुकानात येऊन कुजबुजायचं नाही. वसंता? खोतसाहेब? मागचे कुणी?

कुणीच बोलत नाही.

मग उठा सगळे. असेच गप्प उभे राहा, अप्पांसाठी.