दोनशे बारा नोंदींचं बक्षीस

नाही हो बाई, नको म्हणजे नकोच – तो बिल्ला बोग्दानला द्या, अध्यक्ष आहे तो आमच्या शिकारी मंडळाचा, त्याच्या छातीवर अजून जागा आहे. रविवारी सगळ्यांसमोर काय वाचणार तुम्ही? ‘त्सिरिल झागर, पाच वर्षांत दोनशे बारा नोंदी!’ आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारणार – पाहिलीस दोनशे बारा, मारलीस किती? बसा ना, उभ्या का? मिलेना, बाईंना आलुबुखाराची दारू दे थोडी – गाडी चालवायचीय? मग अर्धाच पेला दे.

मारली किती म्हणता? आता – एकदा धुकं होतं. एकदा डोळ्यात चिलट गेलं. बरं बाई, एकही नाही – पण हे बाहेर बोलू नका. आणि दोष तुमचाच आहे! तुमच्या संस्थेनं ते तक्ते पाठवले – जनावर दिसलं की लिहा, तारीख, वेळ, किती पावलांवर, आणि शेवटचा रकाना, ‘काय करत होतं?’ चाळीस वर्षं शिकार केली मी, जनावर काय करत होतं ते कुणी विचारलं नव्हतं. आम्ही खांद्यामागची वीतभर जागा बघतो, बाकीचं हरिण खानावळीत बसल्यावर आठवतं. पहिल्याच दिवशी मादी आली. बंदूक मांडीवर ठेवून मी पेन्सिल काढली, लिहिलं, ‘पाडसाचा कान चाटते आहे.’ वाक्य पुरं होईतो गेली निघून. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आधी लिहू, मग मारू – तेच चाललंय अजून.

बाकीचे? ते खानावळीतच भरतात तक्ते. तिसऱ्या पेल्याला बोग्दानला ते मोठं रानमांजर, लिंक्स, दिसतं, पाचव्याला पिल्लांसकट. मी दर नोव्हेंबरला हरणाचा रस्सा खाऊ घालतो ना मंडळाला – वासराचं मांस असतं ते! मिलेना रानातली निळी फळं टाकते मूठभर. गेल्या वर्षी बोग्दानचे डोळे भरून आले, म्हणाला, ‘त्सिरिल, तुझ्या शिकारीत जंगल लागतं रे जिभेला!’

आणि तुम्ही वाचणार – वाकड्या शिंगाचा म्हातारा नर, ओढ्याच्या वरच्या अंगाला, संध्याकाळी पावणेसहा, साठ पावलांवर, एक्केचाळीस वेळा. साठ पावलांवरून आमचा पाद्रीसुद्धा मारेल त्याला! काय करत होता? एकाच झाडाला पाठ घासत होता, दुसरं काय.

काय म्हणालात? बोग्दानला ठाऊक आहे? कसं? – अख्खी यादी दिलीत? वेळा, जागा, सगळं? काय म्हणाला तो? हसू नका, नीट सांगा. – अभिनंदनसुद्धा नाही? एवढंच विचारलं, वाकड्या शिंगाचं पान कुठलं?

कधी दिलीत? – आत्ता, येताना. आणि वाजले किती? सव्वापाच!

मिलेना! बंदूक काढ – असू देत कोळ्याची जाळी, तशीच दे. काडतुसं दोन पुरेत. छे हो बाई, बोग्दानला कशाला, हवेत! पळायला नको का म्हातारा? माझ्यामुळेच बंदुकीच्या बाराचा आवाज विसरलाय तो, मला बघून मानसुद्धा वर करत नाही हल्ली. उद्या गावभर होईल, त्सिरिलनं साठ पावलांवरून नेम चुकवला. होऊ दे. – उठा बाई, तुमची गाडी माझ्या जीपच्या आडवी उभी आहे. आधी ती काढा. बिल्ल्याचं मरू दे आता, गाडी काढा!