बाबांच्या दुकानाचा सोमवार

मला मागून कोणी नुसतं 'एक्सक्यूज मी' म्हटलं तरी मी दचकते. तर अमेरिकेत ॲन आर्बरला लॉ स्कूलमध्ये आमचं मूट कोर्ट होतं, म्हणजे लुटुपुटूचा खटला. जिंकलं तरच टीममध्ये जागा. माझ्या वाट्याला एक जुना खटला आला. धर्मामुळे शनिवारी दुकान बंद ठेवणाऱ्या ज्यू दुकानदाराला कायद्याने रविवारीही बंद ठेवायला लावायचं का? मी दुकानदाराची वकील.

पाठ केलेलं सगळं बोलून झालं आणि जज झालेल्या प्रोफेसरबाईंनी टेबलावर पेन आपटलं. मी उडालेच.

"सगळ्यांची सुट्टी एकाच दिवशी नसेल, तर नोकरांना ती मिळते की नाही, हे सरकारने तपासायचं कसं?"

कागदावर याचं उत्तर नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "युअर ऑनर, अमरावतीला माझ्या बाबांचं कापडाचं दुकान सोमवारी बंद असतं, समोरच्या भांडीवाल्यांचं गुरुवारी. ज्याने त्याने आपला वार निवडायचा आणि पाटीवर लिहायचा. इन्स्पेक्टर पाटी वाचतो."

"आणि हे चालतं?"

"माझ्या जन्माच्या आधीपासून."

त्या जुन्या खटल्यातला खरा दुकानदार सुप्रीम कोर्टात हरला होता. माझा जिंकला.

बाबांना फोन केला, तेव्हा दुकानात गिऱ्हाइकं होती. सगळं ऐकून ते म्हणाले, "थांब, स्पीकरवर टाकतो. आता पहिल्यापासून सांग, आणि 'माझ्या बाबांचं दुकान' हे जरा मोठ्याने म्हण."