खालच्या फाट्याची विहीर

नव्या मध्यप्रदेशाचा पहिलाच हिवाळा. देवास गेटच्या बसरांगेत सुमतीच्या पुढे अक्का आणि त्यांचा भूगर्भशास्त्रज्ञ भाचा वामन उभे होते.

“वामन्या, माझ्या टेकडीवरच्या विहिरीत हिरवा रंग कशाला ओतलास रे?”

“पाणी जमिनीखालून कुठं जातं ते बघायला. काळ्या खडकाच्या भेगांतून ते झोपेत चालल्यासारखं चालतं, अक्का.”

“मग पोचलं कुठं?”

“खालच्या फाट्याला. गोदूमावशीची विहीर आज हिरवीगार झाली.”

“अगबाई! वाटण्या झाल्यापासून बहिणीशी अबोला, आणि पाणी माझंच पितेय? भडकली असेल.”

“नाही. ओंजळीत धरून बघत राहिली. मग म्हणाली, अक्काचे गुडघे कसे आहेत?”

सुमतीला वाटलं, आपल्याही पायांखाली काहीतरी वाहतंय.

कंडक्टर आला. “माँजी, ऊपर वाला फाटा?”

“नहीं भैया. आज नीचे वाला.”