सकाळची हजेरी

दीपा : आई, फोन पुन्हा पुन्हा उचलून काय होणार आहे? त्याच्यात आवाजच नाही.

नलूबाई : कधी कधी अचानक येते. मांगच्या उन्हाळ्यात मेलता, तं दोन दिवसानं आपोआप आलता.

दीपा : तो मागचा उन्हाळा झाला. काल मी टेलिफोनच्या ऑफिसात स्वतः जाऊन आले ना. घाटंजीतल्या तुमच्या भागातली जुनी तांब्याची वायर कायमची बंद केली म्हणतात.

नलूबाई : अन् नवी?

दीपा : नवी मेन रोडपर्यंत आली आहे. गल्लीत कधी येईल, ते त्यांनाच माहीत नाही. आली तरी फोन एकटा मिळत नाही, इंटरनेटसकट घ्यावा लागतो. आणि लाइट गेली की तोही बंद.

नलूबाई : मले काय कराचं इंटरनेट? मले दोन शब्द बोलाचे रायते.

दीपा : म्हणून तर संघदीपनं मोबाइल दिला तुम्हाला.

नलूबाई : पोरानं देला, चांगला देला. पन माह्या डोळ्याले मधातलं दिसतच नाही, काठाकाठानं दिसते. लीलाच्या नावावर बोट ठेवतो अन् लागते गॅसवाल्याले. परवा त्यानं सिलेंडर पाठवून देलं.

दीपा : मग? घेतलं तुम्ही?

नलूबाई : दारात आणून उभं केलं त्यानं. वापस कसं पाठवू? ठेवून घेतलं.

दीपा : अहो, पण नुसतं बोलूनही लावता येतो. संघदीपनं शिकवलं होतं ना? ‘लीलाबाईला फोन लाव’ म्हणायचं.

नलूबाई : म्हटलं. थो म्हने, समजलं नाही. पुन्हा म्हटलं, तं त्यानं लीला नावाचं गानं लावून देलं. संध्याकाळपर्यंत बंद होयेना. उशीखाली ठेवला शेवटी.

दीपा : आई, सरळच बोलते. यवतमाळला चला आमच्याकडे. खोली आहे, डोळ्यांचा डॉक्टर जवळ आहे. सून म्हणून तोंडदेखलं म्हणत नाहीये. तुम्ही इथे एकट्या, त्यात फोनही नाही. मला ऑफिसात काम सुचत नाही.

नलूबाई : वच्छला बी एकटीच होती.

दीपा : वच्छलाबाई? बाजाराजवळच्या? कशा आहेत त्या?

नलूबाई : गेली.

दीपा : अगंबाई! कधी?

नलूबाई : झाले पंधरा दिवस.

दीपा : आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?

नलूबाई : सांगाले फोन कुठी होता? न्हाणीत पाय घसरला तिचा. सकाळी पडली. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं दार वाजवलं, तवा कळलं. जीव होता म्हने तवरोक. गाडीत टाकून यवतमाळले नेलं, पन रस्त्यातच संपली.

दीपा : म्हणजे अख्खा दिवस तशाच पडून होत्या?

नलूबाई : तुले तं माहीत आहे, मी नर्स होती तवा बाळंतीन बायाईची घरोघरी जाऊन चौकशी करू. नोकरी सुटली, पन सवय नाही सुटली. मंग वच्छला, लीला अन् विमल, या तिघी मैतरनीले रोज सकाळी फोन लावू. ‘आहेस काय?’ इतकंच. हजेरी घेतल्यासारखं. जिनं उचलला नाही तिच्याकडे दुसरीले पाठवू. कितीक वर्सं चाललं ते. वच्छला पडली त्या सकाळी फोन मेलेला होता.

दीपा : यात तुमचा काय दोष?

नलूबाई : मी कायले दोष घेऊ? दोष वायरचा. मी इतकंच सांगून राह्यली, का मी यवतमाळले आली तं उरल्या त्या दोघीले कोन इचारन?

दीपा : त्यांच्या घरी मोबाइल असतील ना?

नलूबाई : लीलाच्या कानात यंत्र आहे. मोबाइल कानाले लावला का ते शिट्टी मारते. विमलचा मोबाइल नातू शिकाले नागपूरले गेला, त्याच्या संगं गेला. आमच्या तिघीच्याही घरी लाइनचाच फोन होता. सारे संगंच गेले.

दीपा : बरं, उद्या माझ्यासोबत यवतमाळला चला.

नलूबाई : पुन्हा तेच!

दीपा : राहायला नाही हो. दत्त चौकाच्या मागे एक दुकान आहे. मी फोनवर विचारून ठेवलंय. पाहून येऊ, आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आणून सोडते.

* * *

इंद्रजित : मावशी, या, या. बसा खुर्चीवर. लँडलाइन आता कोन घेते, सांगा? हा टॅब पाहा. अक्षरं इतकी मोठ्ठी, का बिना चष्म्याचं वाचता येते.

नलूबाई : अक्षर मोठं केलं तरी डोळा तोच आहे ना, बाबू.

दीपा : इंद्रजितभाऊ, तुम्ही मला टेबलावर ठेवायच्या फोनबद्दल बोलला होतात. सिमवर चालणारा.

इंद्रजित : आहे ना ताई. हा बघा. दिसायला जुना फोन, आतून मोबाइल. मागून सिम टाकाचं, झालं. वायरचं झंझट नाही. लाइट गेली तरी बॅटरीवर चालते.

नलूबाई : आन इकडं. वजनदार आहे, बरं आहे. पाचावर टिपका… आहे, लागला हाताले. मंग बाकीचे सापडतात. कानाले लावला तं टूं वाजते काय?

इंद्रजित : सिम टाकलं का वाजते.

नलूबाई : घंटी किती जोरात वाजते? लीलाले ऐकू गेली पाह्यजे.

इंद्रजित : थांबा, फुल करतो. हे घ्या! … बस, बस. रस्त्यावरचे लोक आत पाहून राह्यले, मावशी.

नलूबाई : चालते. नंबर जुनाच राहीन काय?

इंद्रजित : तो नाही राहणार. सिमचा नंबर नवा येईन.

दीपा : आई, इतक्या वर्षांचा नंबर आहे. आठवण म्हणून तरी—

नलूबाई : जाऊ दे. ज्याईले तो पाठ होता ते बरेचसे गेले. नवा पाठ करता येते.

दीपा : भाऊ, असे तीन हवेत. नवे तिन्ही घेतले तर जड जाईल.

नलूबाई : अन् मी माह्या पेन्शनीतून घेऊन देले, तं विमल दारातूनच वापस करन. तिले निराधारचे पैसे येतात, त्यातच भागवते. शेजारनीची फुकटची कोथिंबीर नाही घेत थे बाई.

इंद्रजित : जुने चालतील? एका फायनान्सवाल्याचं ऑफिस उठलं, त्याचे सेट माह्याकडे धूळ खाऊन राह्यले. बॅटऱ्या बदलून देतो. एका सुती लुगड्याच्या भावात एक सेट पडन.

नलूबाई : चालतात का ते तपासून दे. अन् त्याच्यावर नव्याचा कागद चिकटवू नको. मी जुना म्हनूनच सांगीन. जुना आहे म्हटल्यावर विमल घेईन.

दीपा : आणि दर महिन्याला रिचार्ज? या बायका कुठे दुकानात जात बसणार?

इंद्रजित : इंटरनेट नसलेला साधा पॅक राहते, नुसता बोलाचा. एकदा टाकला का वर्षभर पाहाचं काम नाही. महिन्याच्या हिशेबानं जुन्या लाइनच्या बिलापेक्षा कमीच पडते. पन तो कोनी सांगत नाही. मागावा लागते.

नलूबाई : तू काहून सांगून राह्यला मंग?

इंद्रजित : माही माय आर्णीले एकटीच राहते, मावशी.

नलूबाई : फोन करतो काय तिले?

इंद्रजित : करतो ना. दर रविवारी.

नलूबाई : रविवारीच पडन असं थोडी आहे.

इंद्रजित : ताई, तीन सेट काढतो. चहा सांगू काय?

* * *

(घाटंजी. तिघींच्या घरी फोन बसवून झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. दीपा मुक्कामाला थांबली आहे. फोनचा स्पीकर सुरू आहे.)

नलूबाई : विमल? आहेस काय?

विमलताई : आहो. पन नलू, तुहा आवाज काहून असा वेगळा येते? विहिरीतून बोलल्यासारखी.

नलूबाई : दीपानं कायतरी दाबलं, तिलेही ऐकाचं आहे. झोप लागली काय?

विमलताई : लागली. रात्री दोनदा उठून पाह्यलं, याची हिरवी बत्ती लागून आहे का नाही. मंग सोतालेच म्हटलं, झोप न बाई, थो काय रडनार आहे?

नलूबाई : बरं, ठेव. लीलाले लावतो.

विमलताई : दीपाले सांगजो, मी या पैशात लुगडं घेतलं असतं तं याच सालात फाटलं असतं.

दीपा : ऐकलं हो, विमलताई!

नलूबाई : आता बोलू नको, लीलाचा नंबर चुकीन. … वाजून राह्यला.

दीपा : उचलत नाहीयेत?

नलूबाई : नाही. पुन्हा लावतो.

दीपा : बाहेर गेल्या असतील.

नलूबाई : या वक्ताले ते बाहेर जात नाही. चुलीपुढं रायते. … नाही उचलत. दीपा, चप्पल घाल.

दीपा : घातली. घर कोणतं ते पुन्हा सांगा, गल्लीत चुकते मी. 

नलूबाई : पान्याच्या टाकीच्या बाजूले, निळं दार. दार लोटलेलं असन तं सरळ आत जाजो. अगुदर न्हाणी पाह्यजो.

दीपा : तुम्ही बसा. पळत जाते.

* * *

नलूबाई : हॅलो! कोन?

दीपा : मी दीपा, लीलाबाईंच्या घरून. बऱ्या आहेत त्या. अगदी ठणठणीत. भाकरी करताहेत.

नलूबाई : मंग फोन?

दीपा : गोधडीत गुंडाळून पेटीत ठेवला होता. चुलीचा धूर लागू नये म्हणून.

नलूबाई : दे तिच्याजवळ.

लीलाबाई : नलू, मी बोलतो. हे पोरगी कायले धावत आली वं? धापा टाकून राह्यली. म्या तिले पानी देलं.

नलूबाई : फोन काय पेटीत ठेवाची वस्तू आहे?

लीलाबाई : नवाकोरा दिसते. कायाभोर होऊन जाईन धुरानं.

नलूबाई : होऊ दे काळा! बाहेर ठेव! कानाजवळ ठेव!

लीलाबाई : हे येडी! बोंबलतं कायले? ऐकू येते मले.

नलूबाई : काय म्हटलं?

लीलाबाई : साफ ऐकू येते. यंत्र शिट्टी नाही मारून राह्यलं. तू नाकातून श्वास घेऊन राह्यली थे बी ऐकू येते.

नलूबाई : बरं.

लीलाबाई : घाबरली होती काय तू?

नलूबाई : नाही.

लीलाबाई : नलू, वच्छलाच्या घराले काल कुलूप लागलं. पोरगा चावी घेऊन गेला.

नलूबाई : हो. विमल सांगे.

लीलाबाई : तिचा नंबर तुह्या तोंडात बसला असन अजून.

नलूबाई : आहे. ठेवतो आता. भाकर करपन तुही.

* * *

दीपा : आई, हे घ्या. लीलाबाईंनी दोन भाकरी बांधून दिल्या. नाही म्हणूच देईनात.

नलूबाई : ठेव तिकडं. तुही गाडी किती वाजता आहे?

दीपा : आहे वेळ. … संघदीपला सांगते, आई यवतमाळला येणार नाहीत म्हणून.

नलूबाई : सांग. दिवाळीले येईन म्हन. डोळेही दाखवून घेईन.

दीपा : एक विचारू? तुम्ही सगळ्यांना विचारता. तुम्हाला कोण विचारतं?

नलूबाई : माहा फोन नाही गेला तं त्या दोघी समजतीन. लीला येईन धावत.

दीपा : लीलाबाईंचे गुडघे पाहिले मी आज. त्या काय धावतील? आणि मला कधी कळणार? पंधरा दिवसांनी?

नलूबाई : भाकर खाऊन घे, गार होते.

दीपा : उद्यापासून मी लावत जाईन. सकाळीच, ऑफिसला निघायच्या आधी.

नलूबाई : लाव. पन आठच्या अगुदर लावू नको.

दीपा : का? झोपलेल्या असता?

नलूबाई : नाही वं. तवा लाइन बिझी रायते.