उजवीकडे टाकलेलं जाळं

पालघरच्या एसटी स्टँडवर माझ्या शेजारी जवळच्याच माहीम गावच्या एक काकी आणि त्यांचा पुतण्या मोबाइलवर येशूची जुनी हिंदी मालिका बघत होते.

“काकी, हा होडीतला येशूचा शिष्य पेत्र म्हणजे आपले बळवंतकाका ना?”

“तेच! केवढे तरणे होते बघ. मालिकावाल्यांना खराच मच्छीमार पायजे होता.”

“पण जाळं टाकताना काकांची पाठच दिसते. डावीकडे टाकलं असतं तर चेहरा दिसला असता.”

“डायरेक्टर तेच सांगत होता. पण यांनी फादरला विचारलेलं. बायबलात येशू सांगतो, जाळं उजवीकडे टाका. हे म्हणाले, त्यांच्या देवाचा शब्द आमी कसा मोडायचा?”

“आवाज पण काकांचा नाय वाटत.”

“यांना हिंदी कुठं येत होतं? दुसऱ्याचा घातला. टीव्हीवर लागली तवा मला रडूच आलं.”

“आता जाळं वर घेतायत.”

“थांब, आवाज मोठा कर. ‘ओढा रे, ओढा!’ ऐकलंस? एवढंच राहिलं त्यांच्या आवाजातलं.”

“हो काकी, काकाच!”

“परत लाव, हर्षित. ते गेल्यापासून चार वर्षांत ही हाक ऐकली नाय.”